पाणाड्याची रत्नागिरी

आमच्या घरात पाण्याबद्दल नानांच्या पुढं कोणी बोलायचं नाही. बाकी सगळ्यावर बोलायची मुभा होती. भाजीत मीठ कमी पडलं तर मी, माझी माय, माझी मोठी बहीण अक्का, कोणीही नानांना ऐकवायचं आणि ते मुकाट ऐकून घ्यायचे. पण पाणी म्हटलं की त्यांचा शब्द शेवटचा. नाना, म्हणजे माझे वडील, पाणाडे होते. कळमनुरीच्या अंगाला आमचं गाव, आणि आजूबाजूच्या पंचवीसेक गावांत कोणाला विहीर खोदायची असली की आधी नानांना बोलावणं यायचं. उंबराची बेचकी काडी दोन्ही मुठींत धरून ते अनवाणी शेतातून चालायचे. चालता चालता काडीचं टोक खाली वाकलं की उभे राहायचे, टाच रुतवायचे आणि म्हणायचे, "इथं खंदा." मग हातांच्या अंदाजानं पाणी किती खोल लागेल तेही सांगायचे. चुकायचे का? चुकायचेही. पण चुकलं तर लोक म्हणायचे, पाणी सरकलं असंल. इतका त्या माणसाचा वट होता.

मी आता सत्तरीला टेकले. शाळेतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली. विज्ञान शिकवलं मी पोरांना, तेव्हा काडी काहून वाकते ते मला विचारू नका. मला माहीत आहे आणि मला सांगायचं नाही. लहानपणी मात्र नानांच्या मागं चालताना माझी छाती अशी फुगायची की परकर-पोलक्याची बटणं तुटायची तेवढी राहायची. लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. पाणी लागलं की त्या घरी पुरणाचं जेवण, आणि पहिलं ताट नानांपुढं. त्यांच्या मांडीला मांडी लावून दुसरं माझं. माय रागवायची, पोरीच्या जातीला रानोमाळ काहून फिरवता म्हणून. नाना हसायचे नुसते.

विहिरीला पाणी लागलं की साती आसरांची पूजा व्हायची. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं त्यांना फार मानतात, आणि भितात त्याहून जास्त. सात खडे मांडायचे, शेंदूर लावायचा, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात. पोटुशी बाई पाण्याजवळून जाणार असली तर आधी आसरांना निवद दाखवायचाच. नाही तर त्या गर्भावर नजर धरतात म्हणे. आमच्या गावाकडून कयाधू वाहते. उन्हाळ्यात तिचं पात्र कोरडं पडलं की सगळं गाव वाळूत उतरायचं, झिरा उकरून पाणी भरायचं, तिथंच तीन दगडांची चूल मांडायचं, गवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायचं. नदीच्या पोटात बसून जेवायचो आम्ही. भीती कसली ती वाटायची नाही, कारण पाणी कधी येतं ते आम्हाला ठाऊक होतं. पाणी वरून येतं. वरच्या अंगाला आभाळ भरलं, वीज चमकली, की उठायचं. आभाळ कोरडं असलं की नदीही कोरडी. हे नानांनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं होतं.

अक्काचं लग्न हट्टा गावाकडच्या एका शिकलेल्या पोराशी झालं होतं. दाजींना सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली ती थेट रत्नागिरीला. आमच्या गावात तोवर रत्नागिरी कोणी पाहिली नव्हती. अक्का दोन वर्षांत एकदाच माहेरी आली, आणि मग पत्र आलं की तिला सातवा लागणार आहे, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर घेऊन जा. नाना, माय आणि मी निघालो. माझी शाळा बुडाली ते बरंच झालं असं मला वाटत होतं. मायनं गाठोड्यांत काय काय भरलं ते काय सांगू! ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू, आणि एका पोत्यात गवऱ्या. गवऱ्या! एसटीच्या कंडक्टरनं पोतं उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माय म्हणाली, "तिकडं काय मिळतंय काय न्हाई, कोनाला ठाऊक." परभणी, सोलापूर, कोल्हापूर करत दोन दिवस आम्ही हादरत गेलो. घाट उतरताना मायनं डोळे मिटून घेतले होते आणि नाना खिडकीतून हिरव्यागार डोंगराकडं बघून म्हणत होते, इथं पाणाड्याला कोण विचारीत असंल.

ते खरंच निघालं. दाजींची खोली एका चाळीत होती, कौलारू, मागं नारळ, आणि विहिरीत वाकून तांब्या बुडवावा इतकं वर पाणी. नाना त्या विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून राहिले. दाजी हौशी माणूस. सासरा आला म्हणून रोज कचेरी सुटली की आम्हाला काही ना काही दाखवायला न्यायचे. आणि देवळं-बिवळं नाही, भलतंच काहीतरी. एका ठिकाणी देवमाशाचा सांगाडा होता, आमच्या घराच्या आढ्यापेक्षा लांब. मायनं त्याला लांबूनच हात जोडले. एक दिवस डोंगरावरचा लाल विटांचा मोठा राजवाडा पाहिला, तिथं म्हणे ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून कोंडला होता. तो राजा तिथंच म्हातारा होऊन मेला. माय डोळ्याला पदर लावून त्या परक्या राजासाठी रडली, आणि दाजींना हसू आवरेना. गावाच्या एका अंगाला वाळू पांढरी, दुसऱ्या अंगाला काळी कुळकुळीत. दोन्हीकडं समुद्र एकच. मी दोन्ही वाळू दोन चिंध्यांत बांधून घेतल्या, मैत्रिणींना दाखवायला. दीपगृह पाहिलं, सुकत टाकलेल्या मासळीच्या रांगा पाहिल्या, त्या वासानं माझा जीव कासावीस झाला. अक्का मात्र त्यातून सहज चालायची. ओळखीच्या बायका तिला हाक मारायच्या, कधी येणार परत म्हणून विचारायच्या. ही आमची अक्का दोन वर्षांत कोणत्या तरी दुसऱ्या गावची झाली, असं मला वाटलं आणि राग आला.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ते झिऱ्याचं झालं. पांढऱ्या वाळूत आम्ही बसलो होतो. नाना उठले, जागा पाहिली, काडी नव्हती तरी पायानं अंदाज घेतला आणि कयाधूत उकरतात तसा झिरा उकरायला बसले. हातभर उकरलं न उकरलं तोच पाणी. नानांचा चेहरा खुलला. जावयाकडं बघून म्हणाले, बघा, आमच्याकडं कंबरभर उकरावं लागतं. आणि ओंजळ भरून त्यांनी ते प्यायलं. मग काय! थुंकले, खोकले, डोळ्यांत पाणी आलं. तिथं खेळत असलेली पोरं लोळून लोळून हसली. दाजीही हसले. अक्कानं त्यांना डोळ्यानं दटावलं, पण हसू त्यांच्या तोंडातून सुटून गेलं होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. दाजींनी ती गंमत कचेरीत सांगितली, कचेरीतल्यांनी चाळीत सांगितली, आणि मग जो तो येऊन नानांना विचारायला लागला, काय पाहुणे, गोड पाणी लागलं का? लोक वाईट नव्हते. चहा पाजायचे, आग्रह करायचे. पण ज्या माणसाला पंचवीस गावं पाण्यासाठी बोलवायची, त्याला इथं पाण्यावरूनच हसत होते. नाना हळूहळू बोलायचे बंद झाले. जेवताना ताटाकडं बघायचे. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाले, "चल बाई गावाकडं. इथलं आपल्याला उमगत न्हाई."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नानांनी आसरांची पूजा काढली. अक्काला एवढ्या लांब न्यायचं, वाटेत नद्या, घाट, आणि इथं तर पाण्याचं केवढं मोठं घर. इथल्या आसरांना निवद दाखवल्याबिगर पोरीला हलवायचं नाही. दाजी कचेरीत निघाले होते. ते म्हणाले, आज नको, जायचंच तर उद्या सकाळी गाडीच्या आधी मी बरोबर येतो, समुद्राचं तुम्हाला कळायचं नाही. बोलणं साधंच होतं. पण नानांना ते लागलं. दाजी गेले तसे नाना उठले आणि मायला म्हणाले, "पीठ घे. गवऱ्या घे. रोडगे तिथंच भाजू." चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज आमच्या घरचा वाटला. मायही खूश झाली, तिच्या गवऱ्यांचं सार्थक होणार होतं.

चाळीपासून बऱ्याच अंतरावर, वस्ती संपते तिथं, काळ्या कातळाचा एक उंचवटा पाण्यात शिरला होता. त्या सकाळी पाणी मागं हटलेलं होतं आणि काठापासून कातळापर्यंत वाळूची ओली वाट उघडी पडली होती, आमच्या नदीत उघडी पडते तशीच. नानांना जागा पसंत पडली. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि मधे कोरडं. आसरांचं याहून चांगलं ठिकाण कोणतं? नाना पुढं, डोक्यावर गवऱ्यांचं पोतं. मागं माय, तिच्या मागं जपून पाय टाकत अक्का. मी सगळ्यांत मागं रेंगाळले होते. काठावर एक कोळीण जाळ्यातून काहीतरी वेचत बसली होती, तिच्याकडं बघत. तिनं मान वर केली आणि विचारलं, कुठं चाललात एवढं सामान घेऊन? मी म्हटलं, पूजेला. ती म्हणाली, "भरती लागायच्या आधी फिरा हां. दुपारी रस्ता ऱ्हात नाय."

मला राग आला. खरं सांगते, आधी भीती नाही, रागच आला. आता ही निघाली माझ्या बापाला पाण्याचं शिकवायला! चार दिवस झाले, जो उठतो तो शिकवतो. मी काही न बोलता पळत गेले आणि वाट ओलांडून कातळावर पोचले. नाना वाकून सात खडे निवडत होते. मी त्यांना सांगितलं नाही. मायलाही नाही.

पूजा छान झाली. शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या मांडल्या, अक्काच्या कपाळाला नानांनी स्वतःच्या हातानं हळद-कुंकू लावलं. मग चूल. गवऱ्या पेटायला वेळ लागला, वारा फार. पण एकदा आर पडला की मायनं रोडगे त्यात पुरले, वांगी भाजायला टाकली, डब्यातल्या वरणाला ऊब दिली. भाजल्या कणकेचा तो वास खारट वाऱ्यात मिसळून आला आणि आम्ही चौघंही एकदम घरी गेल्यासारखे झालो. नाना गोष्टी सांगायला लागले. कोणत्या विहिरीला कसं पाणी लागलं, कोणत्या सावकारानं पैजेवर डोळे बांधून चालायला लावलं. अक्का त्यांच्या तोंडाकडं बघत ऐकत होती. मधेच एकदा ती म्हणाली, नाना, ऊन झालं, निघू का? नाना म्हणाले, जेवल्याबिगर? थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, चला ना आता. मायनं तिला रागवलं, निवदाचं अन्न टाकून उठतात का गं? मग ती बोलली नाही. आम्ही तुपात बुडवून रोडगे खाल्ले. नानांनी एक जास्तीचा खाल्ला.

मायनंच पहिल्यांदा पाहिलं. भांडी घासायला ती खाली उतरली आणि तिथूनच ओरडली. वाट नव्हती. मघाशी जिथं माझ्या पावलांचे ठसे होते तिथं पाणी हलत होतं. नानांनी आधी आभाळाकडं बघितलं. मला अजून दिसतं ते, हात कपाळाला लावून ते जमिनीकडच्या बाजूला, डोंगरांकडं, बघून राहिले होते. "वर आभाळ कोरडं हाय," ते म्हणाले. "पूर आला कुठून?"

आज माझा नातू मोबाईलवर बोट फिरवतो आणि जगातल्या कोणत्याही किनाऱ्याची भरती किती वाजता, ते मला वाचून दाखवतो. गंमत म्हणून. मी त्याला म्हणते ठेव ते, डोळे दुखतात.

तिथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं कदाचित. कातळाचा माथा पूर्ण बुडत नाही असं नंतर लोक म्हणाले. पण नानांनी पूर पाहिलेले. पुरात चढत्या पाण्याची वाट बघत बसायचं नाही, गुडघ्याएवढं आहे तोवर पार व्हायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी आमची साखळी केली. स्वतः पुढं काठी टेकवत, त्यांच्या हातात अक्का, मग मी, शेवटी माय. कयाधूत उतरताना तोंड प्रवाहाकडं करायचं आणि तिरपं चालायचं, पाणी कोणत्या अंगानं ढकलणार ते ठरलेलं असतं. इथं पाणी डावीकडून यायचं, आपटायचं, तोवर उजवीकडून दुसरं यायचं, आणि परत जाताना पायाखालची वाळूच ओढून न्यायचं. नाना इकडं तोंड करत, तिकडं तोंड करत. कमरेएवढ्या पाण्यात ते थांबले आणि माझ्याकडं मागं वळून म्हणाले, "सुमे, ह्या पाण्याला वर न्हाई अन् खाली बी न्हाई." माझ्या बापाच्या तोंडावर मी भीती पाहिली ती तेव्हा, पहिल्यांदा. आणि मग अक्काचा पाय दगडावरून सटकला. ती पोटावर पडली. आवाज केला नाही तिनं, नुसती नानांचा आणि माझा हात सोडून गेली आणि दोन हात लांब वर आली. नानांनी तिचा पदर धरला. काठावरून त्याच कोळणीनं आरडाओरडा केला असणार, कारण दोन माणसं होडी घेऊन आली आणि आम्हाला एकेकाला उचलून आत टाकलं. मला आठवतं ते एवढंच की होडीत मासळीचा वास होता आणि मी तो छाती भरून घेत होते.

बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. मुलगा होता. दवाखान्यातल्यांनी जमेल ते केलं, त्यात कोणाचा दोष नाही. नाना अंगावरच्या मीठ वाळलेल्या धोतरातच बाहेरच्या बाकावर बसून होते. दाजी आले, त्यांच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं आता हे बोलणार, "मी सांगितलं होतं" म्हणून. ते बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं माय पुढं कितीदा म्हणाली. आठवड्यानं आम्ही अक्काला घेऊन गावी आलो. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू मायनं शेजारणीला देऊन टाकले. अक्काला दूध येत होतं, आणि ती भिंतीकडं तोंड करून निजायची.

नानांनी काडी धरली नाही परत. लोक नारळ घेऊन यायचे, दारात बसायचे, विनवायचे. नाना म्हणायचे, मला पाणी कळत न्हाई. लोकांना वाटायचं हा मानपान मागून राहिला. हळूहळू यायचे बंद झाले. मग बोअरच्या गाड्या आल्या आणि पाणाड्याची गरजच सरली, पण नानांचं त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं. अक्काला पुढं दोन मुली झाल्या, दाजींची बदली इकडं झाली, संसार झाला सगळ्यांचा. नाना खूप जगले. अंगणात बाजेवर बसलेले असायचे, आणि कधी काही विषय नसताना म्हणायचे, "कोनी एक शब्द बोललं असतं तर मी ऐकलं असतं रे." मी भाकरी थापत असले की माझा हात थांबायचा. चाळीस वर्षं मी शाळेत पोरांना ओरडून ओरडून खरं बोलायला शिकवलं. आणि घरी आले की गप्प. ऐकलं असतं का त्यांनी? त्या दिवशी, त्या सकाळी? मला नाही वाटत. पण ते माझं वाटणं झालं. सांगायचं काम माझं होतं.

नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यंदाच्या थंडीत मी अक्काकडं हिंगोलीला राहायला गेले होते. दाजी नाहीत आता. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, आणि काय झालं मला कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. कोळीण, तिचं बोलणं, माझा राग, माझं गप्प राहणं. तुझं बाळ माझ्यामुळं गेलं अक्का, असंही म्हणाले. रडून राहिले होते मी, या वयात, हातात शेंगा घेऊन.

अक्कानं सोलायचं थांबवलं नाही. म्हणाली, "सुमे, दोन वर्षं राहिले मी तिथं. भरती कधी लागते ते मला ठाऊक नसंल का?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एकदाही नाही. मग बोलली काहून न्हाईस, मी विचारलं.

"वाट बुडून राहिली ते दिसत व्हतं मला. दोनदा म्हनलं बी, चला म्हनून. पन काहून ते न्हाई सांगितलं." तिनं दाणे पाटीत टाकले, टरफल बाजूला केलं. "चार दिस समद्यांनी हसून घेतलं व्हतं त्यांना. आमच्या ह्यांनी बी. अन् त्या दिशी कसे बोलून राहिले व्हते नाना, तू पाहिलं व्हतंस ना? मला वाटलं, आजूक थोडा वेळ बोलू द्यावं."